महानगराचा रहिवासी कोण?

एखाद्या महानगराचा खरा रहिवासी कोणाला म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. जो जेथे जन्मला तो तेथला, असे आपण सहज म्हणून जातो. तथापि एखाद्या शहराच्या इतिहासाच्या आधारे ही व्याख्या तपासू लागलो, की ती फारशी टिकत नाही. या दृष्टीने कोलकात्याचे उदाहरण बोधप्रद आहे.

इ. स. १६९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सुतानुटी, कलिकाता व गोविंदपूर या तीन गावांचे हक्क सावर्ण रायचौधरी घराण्याकडून मिळविले. गोविंदपूरची शेठ व बसाक ही व्यापारी घराणी शहरातील अत्यंत जुन्या घराण्यांत गणली जातात. परंतु तीही मुळात सप्तग्रामाहून आलेली. तेथील सरस्वती नदी गाळाने भरत गेली, तेव्हा त्यांनी तो गाव सोडला. पुढे १७५७ नंतर नवा फोर्ट विल्यम किल्ला बांधण्यासाठी गोविंदपूरच उठविण्यात आले. म्हणजे जे आधीचे, तेही बाहेरून आलेले. आणि ज्या भूमीवर ते आले, ती भूमीही त्यांच्याकडे राहिली नाही. २००३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने, जॉब चार्नॉकला शहराचा संस्थापक मानता येणार नाही, असा निर्णय दिला. ज्या शहराला निश्चित जन्मतिथी नाही, तेथे ‘मूळचा’ कोण हे तिथीवरून कसे ठरवावे?

सीमेवरूनही ते ठरत नाही. १७४२ मध्ये मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणण्यास आरंभ झाला. मराठे शहरावर चालून आले नाहीत व खंदक अपुराच राहिला; मात्र तेथील इंग्रजांना ‘खंदकवाले’ हे टोपणनाव चिकटले. १७९९ मध्ये खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधण्यात आला. आतले व बाहेरचे यांना वेगळे करणारी रेषा अशा रीतीने रहदारीचा रस्ता बनली आणि शहर तिच्या पलीकडे वाढत गेले.

बंगाली भाषेने या प्रश्नाचा अधिक सूक्ष्म विचार केला आहे. तीत ‘बासा’ आणि ‘बाडी’ असे दोन शब्द आहेत. मराठीत बिऱ्हाड आणि घर यांत जो भेद आहे, साधारणतः तोच त्यांतही आहे. कचेरीतला कारकून तीस वर्षे कोलकात्यात राही, तरी त्याची बासा शहरात आणि बाडी खेड्यात असे. दुर्गापूजेच्या सुटीत तो ‘देशी’ जाई. देश म्हणजे वाडवडिलांचे गाव. केवळ वास्तव्याच्या वर्षांनी माणूस शहराचा होत नाही, हे यावरून दिसते.

१९४७च्या फाळणीने असंख्य माणसांची बाडी सीमेपलीकडे गेली आणि परतीची वाट खुंटली. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी यादवपूर, टॉलीगंज या भागांतील मोकळ्या जमिनींवर वसाहती उभारल्या. त्यांचे पुनर्वसन आणि अनधिकृत ताब्यातील जमिनींवरून निष्कासन या दोहोंसंबंधी राज्याने १९५१ मध्ये कायदा केला. डोक्यावरचे छप्पर राहील की नाही याची शाश्वती नसताना या लोकांनी रस्ते आखले, शाळा काढल्या, बाजार बसविले. रहिवासी म्हणून मान्यता मिळण्यापूर्वीच ते रहिवाशाची कर्तव्ये पार पाडीत होते. ‘बांगाल’ हा त्यांना हिणविण्यासाठी वापरला जाणारा शब्द. पश्चिम बंगालचे ते ‘घोटी’. फुटबॉलच्या मैदानावर १८८९चा मोहन बागान संघ घोटींचा, १९२०चा ईस्ट बेंगॉल बांगालांचा; एकाच्या विजयाला कोळंबी, दुसऱ्याच्या विजयाला हिलसा. ज्याने पूर्व बंगाल कधी पाहिला नाही, असा नातू आज अभिमानाने स्वतःला बांगाल म्हणवितो. आणि हे भांडण भांडण्यातच तो पुरता कोलकात्याचा ठरतो.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून या शहरात चिनी लोक वसत आले. टांगरा भागात त्यांनी चामडे कमावण्याचे कारखाने चालविले. त्यांच्या कित्येक पिढ्या येथेच जन्मल्या. असे असूनही १९६२च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या लोकांवर निर्बंध आले आणि अनेक कुटुंबे कायमची परदेशी गेली. त्यांच्यापैकी काहींनी कॅनडातील टोरोंटो शहरात खाणावळी उघडल्या व तेथे कोलकात्याच्या चवीचे चिनी पदार्थ विकू लागले. त्यांनी शहर आपले मानले होते; शहराने ते नाते पाळले नाही.

तेव्हा महानगराचा रहिवासी जन्मतिथीने ठरत नाही, तसा केवळ स्वतःच्या इच्छेनेही ठरत नाही. ज्याने बिऱ्हाडाला घर मानले, शहराच्या बऱ्यावाइटाचा भार उचलला, तो आपला अर्धा वाटा पुरा करतो. उरलेला अर्धा शहराने पुरा करावयाचा असतो. आधी आलेल्यांनी आपणही कधी काळी आलोच होतो, याचे स्मरण ठेवले, तर ते फारसे कठीण नाही.