संशोधन शिकायचा खर्च: पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेलं मूल घरी पैसे मागतं ते ‘पेपर पब्लिश करायला’. हजार-दीड हजारांपासून सुरुवात होते आणि आकडा पुढे कितीही जातो. महत्त्वाचंच काहीतरी असणार म्हणून आईवडील देतात. चौघांच्या ग्रुपमध्ये वाटला गेला की तो खर्च टोचतही नाही. पण त्या पैशांत संशोधनातलं काही शिकायला मिळत नाही. शिकायला जे लागतं त्यातलं बहुतेक फुकट आहे, आणि जिथे खरोखर पैसे लागतात तिथे द्यायला कुणी तयार नसतं.

पद्धत शिकायची तर एनपीटीईएलवर संशोधन पद्धतींचे कोर्स आहेत. नाव नोंदवणं, व्हिडिओ, असाइनमेंट सगळं मोफत. फक्त प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तर एका कोर्सचे १००० रुपये भरावे लागतात. अंतिम गुणांत असाइनमेंटचे २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५ टक्के धरतात. कॉलेज त्याचं क्रेडिट देत असेल तर परीक्षा जरूर द्या. देत नसेल तर असाइनमेंट मन लावून सोडवा आणि हजार रुपये क्यूबसाठी ठेवा, त्याचं पुढे सांगतो. लाटेक, सायलॅब, पायथन शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, त्यातले बरेच मराठीतही. संदर्भ सांभाळायला झोटेरो घ्या. त्याची फुकट ऑनलाइन जागा ३०० एमबीच असली, तरी पीडीएफ स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवल्या तर ती मर्यादा आडवी येत नाही.

पेपर मिळवणं हा मात्र खरा अडसर आहे, आणि तो सगळ्यांना सारखा नाही. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत जानेवारी २०२५ पासून सुमारे १३ हजार जर्नल खुली झाली, पण सरकारी संस्थांसाठी. खासगी कॉलेजातल्या मुलांना त्यात सध्या वाटा नाही, हे मला मनापासून खटकतं. त्यांनी गुगल स्कॉलरवर प्रत्येक पेपरच्या ‘सगळ्या आवृत्त्या’ उघडून पाहाव्यात. लेखकाने स्वतःच्या पानावर ठेवलेली प्रत बऱ्याचदा तिथे सापडते. न सापडली तर लेखकालाच चार ओळींचा ईमेल लिहावा, पुष्कळ जण आनंदाने पाठवतात. शोधगंगेवर पीएचडीचे प्रबंध मोफत वाचता येतात. आणि आयएस कोडच्या अंधुक झेरॉक्स विकत घेऊ नका. भारतीय मानक ब्यूरोच्या पोर्टलवर बहुतेक भारतीय मानकं नोंदणी करून मोफत उतरवता येतात.

आता खऱ्या खर्चाकडे. सिव्हिलचा नेहमीचा प्रोजेक्ट घ्या: सिमेंटच्या जागी फ्लाय ॲश. ०, १०, २०, ३० आणि ४० टक्के अशी पाच मिश्रणं, ७ आणि २८ दिवसांच्या चाचण्या, प्रत्येक वेळी तीन क्यूब. म्हणजे ३० क्यूब. १५० मिलिमीटरचा एक क्यूब साधारण आठ किलोचा, म्हणून एकूण काँक्रीट अडीचशे किलोच्या आत. एवढ्याला एम२५ साठी ५० किलोची सिमेंटची एक गोणी पुरते. पण फ्लाय ॲशची ताकद उशिरा येते. २८ दिवसांवर थांबलात तर ४० टक्क्यांचं मिश्रण नापास दिसेल आणि निष्कर्ष चुकीचा निघेल. ५६ दिवसांचे आणखी १५ क्यूब टाका, दुसरी गोणी लागेल. गोणीमागे साडेतीनशे-चारशे धरले तरी सिमेंटचा खर्च पेपर ‘छापण्या’पेक्षा कमीच. महाग पडतो तो वेळ. म्हणून पहिला क्यूब दिवाळीआधी टाकला पाहिजे.

समजा तीन क्यूबचे आकडे आले ३०, ३१ आणि २२. सरासरी २७.७. आयएस ४५६ प्रमाणे एकही क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त हलता कामा नये. इथे २२ चा आकडा २० टक्क्यांनी खाली आहे. म्हणजे हा नमुनाच बाद. ग्रुपमधलं कुणीतरी हमखास म्हणतं, २२ सोडून दे, ३०.५ लिही. तसं करू नका. क्यूब सीटीएममध्ये ठेवताना मोल्डला टेकलेल्या बाजू वर-खाली होत्या का, कॉम्पॅक्शन नीट झालं होतं का, मशीनचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं, हे शोधा आणि ते मिश्रण पुन्हा टाका. ही शोधाशोध म्हणजेच संशोधन. तिला लागतात पाव गोणी सिमेंट आणि गाइडच्या चार शिव्या.

छापायचंच असेल तर आधी एवढं बघा. ४८ तासांत स्वीकारण्याची हमी देणाऱ्या जर्नलला एक पैसा देऊ नका. तपासनिसांच्या शेऱ्यांची प्रत मागा; शेरे नसतील तर तपासणी झालेलीच नाही. जाहिरातीत ‘यूजीसी केअर लिस्टेड’ असं अजून दिसतं, पण यूजीसीने ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. वर्गणीवर चालणारी बरीच चांगली जर्नल लेखकाकडून काही घेत नाहीत. खुल्या प्रवेशाची नामांकित जर्नल घेतात, पण हजारो डॉलरच्या घरात, आणि तो खर्च संस्थेने उचलायचा असतो, विद्यार्थ्याने नाही. विद्यापीठाच्या अनेक शोधनिबंध स्पर्धांपेक्षा मी ‘आविष्कार’ला जा म्हणेन. २००६ पासून चालू असलेल्या या आंतरविद्यापीठ स्पर्धेत अभियांत्रिकीचा स्वतंत्र गट आहे, आणि पोस्टरसमोर उभं राहून परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात.

शिकता शिकता पैसे मिळण्याचीही सोय आहे. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात. निवड झाली की पाठ्यवेतन आणि रेल्वेचं भाडं मिळतं. अर्ज दिवाळीच्या आगेमागे घेतले जातात. त्यात काय करायचंय हे थोडक्यात लिहावं लागतं आणि एका शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. शेवटच्या दिवशी सरांच्या केबिनबाहेर उभं राहण्यापेक्षा सप्टेंबरातच त्यांना सांगून ठेवा.