गाडी तापते... पण कधी?

सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४० च्या पुढे गेला की रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभी असलेली जुनी पिकअप हमखास दिसते. जमलेल्या मंडळींचं निदान ठरलेलं: "हेड गेलं!" हेड खोलायचं म्हणजे मोठा खर्च आणि ऐन हंगामात गाडी चार दिवस गॅरेजला. ज्याचं पोट त्या गाडीवर आहे त्याला हे परवडत नाही. म्हणून हा लेख.

आधी थोडी थिअरी. डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कामाला येते, तेवढीच सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेल्यापैकी बरीचशी कूलिंग सिस्टिमला बाहेर टाकावी लागते. पंप पाणी ब्लॉकमधून हेडमध्ये ढकलतो. साधारण ८० अंशांच्या पुढे थर्मोस्टॅट उघडतो आणि पाणी रेडिएटरला जातं. रेडिएटरची कॅप सुमारे ०.९ बार जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणी १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कॅपचं रबर गेलं की हा फायदाही गेला. मात्र तापलेल्या इंजिनची कॅप कधीही उघडू नका. दाब सुटताच उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

आता मुख्य प्रश्न : गाडी नेमकी कधी तापते?

१) उभी असताना तापते, पळताना ठीक : हवा कमी पडते. पंख्याचा पट्टा ढिला आहे का, पंख्याभोवतीचं कव्हर जागेवर आहे का, ते बघा.

२) सपाटीला ठीक, लोड घेऊन चढावर तापते : रेडिएटर चोंदलेला असू शकतो. बाहेरून धूळ-किडे, आतून क्षार.

३) चालू केल्यावर थोड्याच वेळात तापते, पण वरचा होज गारच : थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता जास्त.

४) गळती दिसत नाही, तरी पाणी रोज कमी होतं : आता हेड गॅस्केटचा संशय घ्या. थंड इंजिनची कॅप काढून गाडी चालू करा. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणं, ऑइल दुधाळ होणं, पांढरा धूर न थांबणं या त्याच्या खुणा.

माझ्या काकांच्या जुन्या पिकअपचंच उदाहरण घ्या. "मेस्त्री म्हणतोय हेड खोलावं लागंल," काका म्हणाले. मी विचारलं, "काका, तापते कधी?" मोहोळहून कांदा आणताना काही नाही, तुळजापूरच्या घाटात लोड असला की काटा लालमध्ये. पाणी फारसं कमी होत नव्हतं, बुडबुडेही नव्हते. गाडी गरम करून बंद केली आणि रेडिएटरवर जपून हात फिरवला. खालचा बराच भाग गार लागला, म्हणजे तिथल्या नळ्यांत पाणी फिरतच नव्हतं. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी भरल्याचा हा परिणाम. क्षाराचा थर बिडापेक्षा सुमारे वीस पटींनी कमी उष्णता वाहून नेतो, त्यामुळे पातळ थरही महागात पडतो.

दुसरी गोष्ट, कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला होता. "काढला की गाडी गार राहते" असा समज आहे. पण काही इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो काढला की थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं. काकांच्या गाडीत तीच रचना होती. रेडिएटर खोलून रॉडिंग केलं, नवा थर्मोस्टॅट आणि नवी कॅप बसवली, बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट व डिस्टिल्ड वॉटर भरलं. हेडला पाना लागला नाही. त्याच लोडवर घाटात काटा मधेच राहिला.

थोडक्यात, पाना हातात घेण्याआधी ड्रायव्हरला चार प्रश्न विचारा. आणि तपासणी स्वस्तापासून सुरू करा : पाण्याची पातळी, कॅप, पट्टा, होज, थर्मोस्टॅट, रेडिएटर, पंप. हेडचा नंबर सगळ्यात शेवटी.