डिजिटल ट्विन रुग्णापर्यंत पोहोचताना : नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांसाठी करिअरच्या वाटा

डिजिटल ट्विन म्हणजे एखाद्या यंत्राची किंवा शरीरातील अवयवाची संगणकावर उभी केलेली प्रतिकृती. मूळ वस्तूची मोजमापे तिच्यात येत राहतात आणि पुढे काय घडेल याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो. कारखाने आणि अवकाशयानांच्या क्षेत्रातून ही कल्पना वैद्यकात आली. दसॉ सिस्टिम्स या फ्रेंच कंपनीने २०१४ मध्ये ‘लिव्हिंग हार्ट’ प्रकल्प सुरू केला. धडधडणाऱ्या हृदयाच्या संगणकीय प्रतिकृतीवर नवी उपकरणे तपासून पाहणे हा त्याचा एक हेतू. या कंपनीचे मोठे सॉफ्टवेअर केंद्र पुण्यात आहे. ट्विन हेल्थ ही २०१८ मध्ये स्थापन झालेली कंपनी कॅलिफोर्निया आणि चेन्नईतून काम करते. दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर, मनगटावरचा पट्टा आणि रक्ताचे अहवाल यांवरून ती मधुमेही रुग्णाच्या चयापचयाची प्रतिकृती तयार करते आणि आहार-औषधांचा सल्ला देते.

प्रतिकृती तयार झाली म्हणजे ती दवाखान्यात वापरता येते, असे नाही. या क्षेत्रातल्या अनेक संधी याच मधल्या टप्प्यात आहेत. अमेरिकेतील हार्टफ्लो कंपनीचा प्रवास पाहिला की हे नीट कळते. काटेकोर व्याख्येने तिचे उत्पादन पूर्ण डिजिटल ट्विन नाही, कारण त्यात मोजमापे सतत येत नाहीत. रुग्णाच्या एका सीटी स्कॅनवरून त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांची प्रतिकृती बनते आणि द्रवगतिकीची समीकरणे सोडवून रक्तप्रवाह कुठे अडतो ते काढले जाते. अन्यथा हे मोजण्यासाठी रक्तवाहिनीत तार सरकवावी लागते. कंपनी २००७ मध्ये सुरू झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आधी ठरवलेले अचूकतेचे उद्दिष्ट गाठता आले नाही. पद्धत सुधारून पुन्हा चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परवानगी दिली. २०१७ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने या पद्धतीची शिफारस केली. अमेरिकेत विम्याच्या बिलासाठी लागणारा कायमस्वरूपी संकेतांक मात्र २०२४ मध्ये लागू झाला. म्हणजे कंपनीच्या स्थापनेपासून तिथवर सुमारे सतरा वर्षे. या काळात प्रोग्रामर लागलेच. पण चाचणीची आखणी करणारे, संख्याशास्त्रज्ञ, स्कॅनचा दर्जा तपासणारे तंत्रज्ञ, परवान्याची कागदपत्रे लिहिणारे आणि डॉक्टरांना पद्धत समजावून सांगणारे लोकही तितकेच लागले. पालकांनी ‘कोडिंग येते का?’ एवढ्यावर मुलाची पात्रता ठरवू नये, ते यामुळेच.

भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. एप्रिल २०२० पासून निदान किंवा उपचारासाठीचे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत आले. धोक्याच्या प्रमाणात ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत आणि वरच्या दोन वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. त्याशिवाय गुणवत्तेसाठी आयएसओ १३४८५, सॉफ्टवेअरच्या विकासासाठी आयईसी ६२३०४ आणि संगणकीय प्रतिकृती किती विश्वासार्ह आहे हे ठरवण्यासाठी एएसएमईचे व्ही अँड व्ही ४० ही मानके वापरली जातात. रुग्णांच्या माहितीबाबत २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. ही मानके वाचून कामात उतरवू शकणाऱ्या तरुणाला पुणे, बेंगळुरू, हैदराबादच्या उपकरण कंपन्यांत जागा असते, आणि हा अभ्यास बी.फार्म., जैवतंत्रज्ञान किंवा विज्ञान शाखेच्या पदवीधरालाही जमण्यासारखा आहे.

या क्षेत्राला लागणाऱ्या माहितीचे मोलाचे काम नांदेडमध्ये झाले आहे, ही गोष्ट इथल्या घराघरांत पोहोचायला हवी. विष्णुपुरी येथील श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेतील प्रसन्न पोरवाल, प्रा. मनेश कोकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘आयडीआरआयडी’ हा संग्रह प्रसिद्ध केला. नांदेडच्याच एका नेत्र दवाखान्यात घेतलेली दृष्टिपटलाची ५१६ छायाचित्रे त्यात आहेत. प्रत्येक चित्रात मधुमेहामुळे झालेल्या बिघाडाची पातळी नोंदवलेली आहे. ८१ चित्रांत तर रक्तस्राव आणि चरबीचे साठे बिंदूबिंदूने आखलेले आहेत. त्याच वर्षी वॉशिंग्टनमधील आंतरराष्ट्रीय परिषदेत या चित्रांवर स्पर्धा झाली आणि अनेक देशांतल्या गटांनी त्यावर आपापली सॉफ्टवेअर तपासली. २०२१ मध्ये ३,२०० चित्रांचा आणखी एक संग्रह याच संस्थेतून आला. हे डिजिटल ट्विन नव्हे, पण तो बनवायला आणि तपासायला जी विश्वासार्ह माहिती लागते ती याच प्रकारची. अभियांत्रिकी संस्था आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दोन्ही विष्णुपुरीतच आहेत. अशी शेजारची संस्था मोठ्या शहरांतल्या विद्यार्थ्यांनाही सहज मिळत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांना भेटायलाच हवे. लातूरच्या विद्यार्थ्यांना अशाच भेटीसाठी विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे आणि १९६६ पासून चालणारे विवेकानंद रुग्णालयही.

दहावीनंतर विज्ञान घेणाऱ्याने शक्य असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत. लातूरमध्ये अनेक विद्यार्थी वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी गणित सोडतात आणि नंतर अभियांत्रिकीची वाट बंद होते, कारण तिथे भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य आहेत. पदवीसाठी ‘डिजिटल ट्विन’ नावाचा कोर्स शोधू नये. यंत्र, इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक किंवा बायोमेडिकल यांपैकी भक्कम मूळ शाखा निवडावी आणि तिच्याबरोबर संख्याशास्त्र, विकलक समीकरणे, प्रतिमा प्रक्रिया नीट शिकावी. काही महिन्यांच्या महागड्या प्रमाणपत्रांवर कर्ज काढणे तर टाळावेच. एम.टेक. प्रवेशाच्या ‘गेट’ परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकल अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे, त्यातून एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, त्यामुळे पालकांवरचा भार हलका होतो.

एमबीबीएस झालेल्यांनाही ही वाट खुली आहे. आयआयटी खरगपूरमध्ये डॉक्टरांसाठी वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञानाची तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. नीटमध्ये दोनदा प्रयत्न करूनही जागा न मिळालेल्या मुलाला मात्र तिसऱ्या वर्षासाठी ढकलण्याआधी पालकांनी या क्षेत्राचा गांभीर्याने विचार करावा. रुग्णसेवेची ओढ असलेल्या मुलाला इथेही रुग्णाच्या जवळचेच काम मिळते.

स्वतःची कंपनी काढायची असेल तर केंद्र सरकारच्या बायरॅक संस्थेची ‘बिग’ योजना सुरुवातीच्या संशोधनासाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते, आणि पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरातले व्हेंचर सेंटर अशा उद्योगांना जागा व सल्ला पुरवते. आयआयटी मुंबईच्या बेटिक केंद्रात डॉक्टर आणि अभियंते मिळून उपकरणे घडवतात. नोकरी शोधणाऱ्याने जाहिरातींत ‘डिजिटल ट्विन’ एवढेच शोधू नये. कॉम्प्युटेशनल मॉडेलिंग, मेडिकल इमेजिंग, व्हॅलिडेशन, क्लिनिकल रिसर्च, रेग्युलेटरी अफेअर्स या नावांखाली याच कामाच्या जागा निघतात.