रुग्णालयात जडणाऱ्या रोगांची मोजदाद

पनवेल तालुक्यातील आमचे वाचक आजारी माणसास बहुधा पनवेलच्या सरकारी रुग्णालयात नेतात, व दुखणे विकोपास गेल्यास मुंबईची वाट धरितात. रुग्णालय हे बरे होण्याचे स्थान खरे. परंतु तेथेच नवा रोग जडण्याचे भयही असते. त्याविषयी आज आपण विचार करू.

जो संसर्ग येताना अंगात नव्हता व दाखल झाल्यावर ४८ तासांनंतर उद्भवला, तो सामान्यतः रुग्णालयात जडला असे समजतात. लघवीची नळी, शिरेतील नळी, श्वासयंत्र व शस्त्रक्रियेची जखम ही त्याची मुख्य द्वारे होत. कोणत्या रोग्यास किती दिवस नळी होती हे रोज लिहून, दर १,००० नळी-दिवसांमागे किती संसर्ग झाले हे काढितात. अशाने लहानमोठ्या रुग्णालयांची तुलना करिता येते.

मोजून काय साधते? व्हिएन्ना शहरी डॉ. सेमेलवाइस ह्यांनी दोन प्रसूतिशाळांतील मृत्यू ताडून पाहिले. जेथे विद्यार्थी प्रेते तपासून येत, तेथे एप्रिल १८४७ मध्ये शंभरांत सुमारे अठरा बाळंतिणी दगावल्या. मेच्या मध्यास क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम झाला. जूनमध्ये हे प्रमाण दोनांवर आले.

पुढे जंतुनाशक औषधे निघाली. पण त्यांच्या अतिवापराने त्यांस दाद न देणारे जंतूच मागे उरून वाढू लागले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २००९ साली कार्बापेनेम ह्या राखीव औषधांस न जुमानणारे २४ जंतू तपासले. त्यांपैकी २२ जंतूंत एनडीएम-१ हे जनुक सापडले. हे जनुक एका जातीच्या जंतूतून दुसऱ्या जातीत जाते, म्हणून भय अधिक. २०१७ पासून भारतातील अनेक रुग्णालये एकाच पद्धतीने ही मोजदाद ठेवू लागली.

तेव्हा एखाद्या रुग्णालयाने आपले संसर्ग उघड सांगितले, तर त्यास दोष देऊ नये. जेथे कोणी मोजीतच नाही, तेथेही आकडा शून्यच दिसतो, आणि त्या शून्याची किंमत रोगी देतो.

आपले कर्तव्य काय? रोग्यास शिवण्यापूर्वी व नंतर हात धुवावे. नळीची गरज अजून आहे काय, हे नम्रपणे विचारावे. साध्या पडशासाठी जंतुनाशक औषध मागू नये. उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देऊ नयेत.

विचारासाठी प्रश्न : आपल्या घरी अशा किती गोळ्या उरल्या आहेत? त्या का उरल्या?