रिवॉर्डचं क्रेडिट कार्ड : आधी शेकडेवारी, मग सही



सहावीच्या गणितात शेकडेवारी, नफा-तोटा आणि बँक व सरळव्याज हे पाठ आपण लागोपाठ शिकवत आलो. मुलांना अगदी बजावून सांगतो, ‘शेकडा कशावर काढायचा ते आधी बघा.’ आणि पगाराच्या खात्यावर बँकेचा फोन आला की आपणच ते विसरतो. मागे पालकसभा संपल्यावर एका आईने मला विचारलं, "मॅडम, ते पॉइंटवालं कार्ड फुकटच असते न जी?" तिला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही. ते आज लिहिते आहे.

आपल्याकडे १९८० साली सेंट्रल बँकेने ‘सेंट्रलकार्ड’ आणलं, तेव्हा क्रेडिट कार्ड ही मोजक्या लोकांची वस्तू होती. आता सेलू, देवळी, आर्वीतल्या पगारदारालाही ते घ्या म्हणून फोन येतात. म्हणून हिशोब यायला हवा.

पहिली गोष्ट, पॉइंट म्हणजे रुपया नव्हे. जाहिरातीत ‘५,००० पॉइंट मोफत’ असं ठळक छापतात. एसबीआय कार्डच्या बऱ्याच कार्डांवर ४ पॉइंटांचा १ रुपया होतो. म्हणजे ५,००० पॉइंटचे झाले १,२५० रुपये. वाईट नाही, पण पाच हजारही नाहीत. समजा, एखाद्या कार्डावर १०० रुपये खर्चाला २ पॉइंट मिळतात आणि पॉइंट २५ पैशांचा आहे. तर १०० रुपयांवर ५० पैसे, म्हणजे अर्धा टक्का. आता त्या कार्डाची वार्षिक फी ४९९ रुपये धरा. त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५८८ रुपये ८२ पैसे. अर्ध्या टक्क्याने नुसती ही फी वसूल व्हायला वर्षाला सुमारे १,१७,८०० रुपये खर्च करावा लागेल. फायदा त्याच्या पुढे सुरू होतो. हे गणित फळ्यावर मांडून बघा, मुलांनाही आवडतं.

‘वर्षाला एवढा खर्च केला तर फी माफ’ हीसुद्धा एक गोडी असते. तेवढा खर्च आपला एरवी होतच असेल तर ठीक. मार्च महिन्यात आकडा गाठायला नवा मिक्सर घेतला, तर ती बचत म्हणायची का?

कार्ड निवडताना जाहिरात बाजूला ठेवा आणि घरच्या मागच्या तीन महिन्यांच्या खर्चाची यादी करा. आमच्या घरची सांगते. किराणा, भाजी, गाडीचं पेट्रोल, लाइट बिल, मुलीचे कपडे-पुस्तकं, थोडी ऑनलाइन खरेदी. विमानतळावरच्या लाउंजचा आम्हाला उपयोग शून्य. मुंबईला जायचं तर सेवाग्राम एक्सप्रेसने जातो. रेल्वे तिकिटांवर परतावा देणारी कार्डं आहेत, पण तो फक्त एसी डब्याला आहे की स्लीपरलाही, ते विचारून घ्या.

पेट्रोलचंही तसंच. बऱ्याच कार्डांवर पेट्रोलवरचा १ टक्का अधिभार परत मिळतो, पण एका वेळी ४०० किंवा ५०० रुपयांच्या पुढचं पेट्रोल भरलं तर. आपण स्कूटीत टाकतो दोनशेचं! शिवाय पेट्रोलवर पॉइंट सहसा मिळतच नाहीत.

किराणा आणि भाजीसाठी रुपे क्रेडिट कार्ड बरं पडतं. सप्टेंबर २०२२ पासून ते यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे दुकानातला क्यूआर स्कॅन करून कार्डातून पैसे जातात. मात्र तो क्यूआर व्यापारी खात्याचा हवा. भाजीवाल्या काकूंनी स्वतःच्या साध्या खात्याचा लावला असेल तर चालत नाही. आणि यूपीआयने दिलेल्या पैशांवर पॉइंट कमी मिळतात का, तेही अटींत वाचा.

आता खरी मेख. ही मी स्वतः पैसे मोजून शिकले.

माझी बिल भरायची शेवटची तारीख महिन्याच्या २ तारखेला यायची. एका महिन्यात पगार लांबला. बिल वीस हजारांच्या आसपास होतं. ‘किमान देय रक्कम १,०००’ असं छापलेलं होतं, तेवढे भरले आणि निश्चिंत झाले. पुढचं बिल बघून डोळे उघडले. महिना साडेतीन टक्के व्याज, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. उरलेल्या १९,००० वर एका महिन्याचं व्याज ६६५, त्यावर जीएसटी जवळपास १२०, मिळून ७८५ रुपये. प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागले, कारण व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजतात. शिवाय जुनी बाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या साखरेवर आजपासून व्याज! वीस हजारांवर एक टक्क्याने माझे रिवॉर्ड होते २०० रुपये. म्हणजे एका चुकीत जवळपास चार महिन्यांची कमाई गेली.

कार्डावर एटीएममधून पैसे काढू नका, हे वेगळं सांगायला नको. तिथे व्याज पहिल्या दिवसापासून आणि वर शुल्क.

माझा उपाय साधा निघाला. बिलाचं चक्र किमान एकदा बदलून घेण्याची सोय बँकेने द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी बिल १ तारखेला पाडून घेतलं, म्हणजे भरायची तारीख २० च्या आसपास आली. पगार चार-आठ दिवस लांबला तरी चालतं. पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप कापली जाईल अशी सूचनाही बँकेला दिली. तो अर्ज भरताना ‘किमान रक्कम’ आणि ‘पूर्ण रक्कम’ असे दोन पर्याय असतात, खूण बघून करा.

साठलेले पॉइंट बिलातच वळते करून घ्या. भेटवस्तूंच्या यादीत त्यांची किंमत बहुधा कमी धरतात. काही कार्डांवर पॉइंट वापरायलाच ९९ रुपये अधिक जीएसटी लागतो, म्हणून दर महिन्याला थोडेथोडे न काढता एकदम काढा. पण मुदत संपू देऊ नका, माझ्या एका सहकारी बाईंचे अशानेच गेले.

आणि कार्ड परवडत नाही असं वाटलं, तर लाजू नका, बंद करा. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, बाकी काही नसेल तर अर्ज दिल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. उशीर केला तर बँकेला दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. न मागता कार्ड पाठवणंही त्याच निर्देशांनुसार मना आहे. बंद करण्याआधी पॉइंट वापरून टाका, अर्ज ईमेलने द्या आणि बंद झाल्याचं उत्तर जपून ठेवा.