थंडीत गाईला ढेप वाढवा, माशाला कमी करा

हिवरखेडच्या शिवारात मार्गशीर्षातली सकाळ. संत्र्याच्या बागेला पाणी देण्यासाठी खोदलेलं, पन्नी अंथरलेलं शेततळं. काठावरचे भाऊ मुठीमुठीनं ढेप पाण्यात टाकत होते. "थंडी पडली ना, म्हून जरा वाढून देऊन रायलो." मासे पृष्ठभागावर तोंड उघडंमिट करत होते, आणि भाऊंना ती भूक वाटत होती.

ती भूक नव्हती. त्यांना दम लागला होता.

पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. रात्री शेवाळही तो बनवत नाही, उलट वापरतं. अशा वेळी मासा वरच्या थरात येऊन तोंड मारतो. त्यात खाद्य टाकलं तर घोटाळा वाढतो, कारण खाल्लेलं पचवायलाही प्राणवायू लागतो. जेवणानंतर काही तास माशाची प्राणवायूची गरज चढलेलीच असते. म्हणूनच संध्याकाळी उशिरा दिलेलं खाद्य रात्री माशाच्या जिवावर येतं.

थंडीत गाय जास्त खाते, कारण तिला अंग ऊबदार ठेवायचं असतं. माशाला ती सोय नाही. पाणी जेवढं गार, तेवढंच त्याचं अंग गार. कटला, रोहू, मृगळ यांना साधारण २४ ते ३० अंशांचं पाणी मानवतं. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की पाचक रस मंदावतात, खाद्य आतड्यात रेंगाळतं आणि बरंचसं न पचताच बाहेर पडतं. पंगस तर गार पाण्यात तोंडच फिरवतो. वऱ्हाडात पौषात रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो. उथळ तळ्याचं पाणी त्याच्या मागोमाग उतरतं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. कार्प जातीच्या माशांना जठरच नसतं. घास थेट आतड्यात जातो. एका वेळी पोटभर साठवून सावकाश पचवण्याची सोय गाईकडे आहे, रोहूकडे नाही. त्यामुळे उन्हाळ्यात थोडं थोडं, दोनतीनदा द्यावं. थंडीत एकदाच, ऊन तापल्यावर, अकरा ते तीनच्या दरम्यान. आभाळ भरून आलं असेल त्या दिवशी काहीच देऊ नये. मासा एका दिवसाच्या उपासानं मरत नाही.

किती द्यायचं? हिशेब मुठीनं नको, वजनानं करा. हजार बोटुकली सोडली, नऊशे जगली आणि सरासरी वजन पाव किलो असेल, तर तळ्यात सव्वादोनशे किलो मासा आहे. पाणी ऊबदार असताना दोन टक्के म्हणजे रोज साडेचार किलो. पाणी २० अंशांवर आलं की सव्वादोन किलो पुरे. १५ च्या खाली उतरलं तर थांबा. त्यासाठी काचेचं साधं तापमापक दोन फूट खोल बांधून ठेवा. पोराच्या तापाचं इथे चालत नाही.

आता ढेपेबद्दल. सरकीची ढेप आपल्याकडे घरचीच, म्हणून ती तळ्यातही जाते. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. गाईच्या पोटातले जिवाणू ते बऱ्याच अंशी निकामी करतात. माशाकडे तसली भट्टी नाही. गॉसिपॉल ढेपेतल्या लायसिन या प्रथिनघटकाला बांधून टाकतं, यकृताला इजा करतं आणि वाढ खुंटवतं. कच्च्या सोयाबीनचीही तीच गत: त्यातला घटक प्रथिनं पचवणाऱ्या रसालाच अडवतो. सोयाबीन द्यायचं तर भाजून किंवा शिजवून. भुईमुगाची ढेप आणि भाताचा कोंडा निम्मे निम्मे ही जुनी रीत अजूनही चांगली, पण ढेपेला बुरशी आली असेल तर ती फेकून द्या. त्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृतच खातं.

पन्नीच्या तळ्यात माती नसते, म्हणून नैसर्गिक खाद्य कमी. तिथे दाणेदार खाद्य लागतंच. पण दोन वर्षं गोदामात पडून राहिलेलं पोतं स्वस्त मिळालं म्हणून उचलू नका. जीवनसत्त्व क साठवणुकीत उडून जातं, मासा ते स्वतः बनवू शकत नाही, आणि पाठीचा कणा वाकडा होतो.

न खाल्लेल्या खाद्याचा आणि जादा प्रथिनाचा शेवटी अमोनिया होतो. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात हे विशेष जपावं, कारण तिथलं पाणी अल्कधर्मी. २५ अंशांच्या पाण्यात सामू ८ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे ५ टक्के विषारी रूपात असतो. सामू ९ झाला की एक तृतीयांशाहून जास्त. तो कल्ल्यांवर बसतो.

मासा जेवला की नाही, हे पाहायला जुनं टोपलं दोरीनं तळ्यात सोडा. त्यात मोजकं खाद्य ठेवून दोन तासांनी वर काढा. उरलं असेल तर उद्याचं माप कमी.

एखादा मासा मेला तर फेकण्याआधी पोट कापून पाहा. यकृत लालसर तपकिरी असावं. पिवळट, तेलकट, बोटाला चिकटणारं दिसलं तर पिठाळ खाद्य जास्त होतंय. आतड्यांभोवती पांढऱ्या चरबीची गुंडाळी असली तरी तेच समजा.

माघ सरता सरता पाणी पुन्हा चढू लागेल. तेव्हा माप एकदम दुप्पट करू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. विक्रीसाठी जाळं लावायचं असेल, तर आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. आतडं रिकामं असलेला मासा वाहतुकीत टिकतो.