कृत्रिम खुबा, हाड आणि संगणक

खुबा झिजला की चार पावले टाकणेही नकोसे होते. इंग्लंडमधील सर्जन जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि पॉलिएथिलिनची वाटी असलेला सांधा बसवण्यास सुरुवात केली व असंख्य माणसे पुन्हा चालू लागली. मात्र काही रुग्णांच्या एक्स-रेत काही वर्षांनी एक विपरीत गोष्ट दिसते. मांडीच्या हाडात बसवलेली दांडी शाबूत, पण तिच्याभोवतीचे हाड वरच्या बाजूस विरळ! पुढे सांधा बदलायची वेळ आली, तर नवी दांडी धरायची कशात?

हाड जिवंत आहे. त्याच्यावर जसा भार, तशी त्याची घडण, असे जर्मन शल्यविशारद ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. आता एक सोपा हिशोब करू. पोलादाचा ताठपणा सुमारे २०० गिगापास्कल, हाडाच्या टणक भागाचा सुमारे २०. दोहोंच्या सारख्याच आकाराच्या पट्ट्या शेजारी उभ्या करून वर एक फळी व ११ किलो वजन ठेवले, तर दोन्ही सारख्याच दबतील. म्हणजे पोलाद १० किलो उचलेल आणि हाडाला उरेल १ किलो. काम गेलेले हाड झिजू लागते.

प्रत्यक्षात दांडी आत, हाड भोवती, शिवाय हाड वाकतेही. तेव्हा त्रैराशिक पुरत नाही. येथे फायनाईट एलिमेंट पद्धत कामी येते. हाडांसाठी ती १९७२ पासून वापरात आहे. सीटी स्कॅनवरून हाडाचा आकार व घनता घेऊन संगणकात त्याचे हजारो लहान तुकडे पाडतात. प्रत्येकाला ताठपणा देतात, खुब्यावर चालतानाचा भार (शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट) व स्नायूंची ओढ लावतात. दांडीविना आणि दांडीसह, अशी दोन उत्तरे ताडून पाहिली की कोणता भाग उपाशी राहील ते कळते.

मग दांडी लवचीक केली तर? नेदरलँड्समधील रिक हुइस्केस व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हेच तपासले. हाडाची झीज कमी होते, पण दांडी आणि हाड यांच्या सांध्यावरचा ताण वाढून दांडी सैल होण्याचा धोका वाढतो. टायटॅनियम मिश्रधातूचा ताठपणा सुमारे ११० म्हणजे मधला. तरी आकार व जाडीही पाहावी लागते.

विद्यार्थ्यांनी असे रंगीत चित्र पाहताना भार कोणत्या हालचालीचा लावला आहे, हे आधी विचारावे. सपाट रस्त्यावर चालणे वेगळे, जिना चढणे वेगळे. जिन्यावर दांडीला पीळही बसतो.